घरकुलाच्या बिल्डिंगमधल्या सोलर आणि पावसाच्या पाण्याची सगळी माहिती एकाच प्लंबरकडं आहे, ती टिकवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की बिल्डिंगवर सोलर हीटर आहे, गच्चीचं पाणी बोअरला सोडलंय, पण कुठला व्हॉल्व्ह कशाचा हे फक्त म्हाताऱ्या प्लंबर मामांना ठाऊक. मी सांगलीत नदीकडच्या बाजूला अशाच बिल्डिंगमध्ये राहतो, चार वर्षं मेन्टेनन्स बघितलाय, आणि हे सगळं आमच्यावर येऊन गेलंय.

आमची नकाशांची फाइल तळमजल्यावर मीटर रूमच्या कपाटात होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), ओसरल्यावर कपाट उघडलं तर फाइलचा नुसता लगदा. जुना प्लंबर तोवर मुलाकडं निघून गेलेला.

पुढच्या वर्षी टाक्या धुताना कुणीतरी सोलरच्या टाकीत येणारं गार पाणी बंद केलं आणि परत चालू करायचं राहिलं. सगळ्यांनी ठरवून टाकलं की सोलर गेला, अख्खा हिवाळा लोकांनी गॅसवर पाणी तापवलं, भंगारवाल्याला भावसुद्धा विचारून झाला. मग एक तरुण मिस्त्री आला, त्यानं नुसतं व्हॉल्व्हकडं बोट दाखवलं, हँडल पाइपला आडवं म्हणजे बंद. एवढंच होतं ओ! पण त्यानं भर दुपारी पाणी सोडू दिलं नाही, तापलेल्या रिकाम्या काचेच्या नळ्यांत गार पाणी गेलं की त्या तडकतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला टाकी भरली. आम्ही घाईत चालू केला असता तर सगळ्या नळ्या गेल्या असत्या.

म्हणून माझं ठाम मत, माहिती वस्तूच्या शेजारी भिंतीवर पाहिजे. आम्ही प्रत्येक व्हॉल्व्हला ऑइलपेंटनं नंबर घातला आणि "रिकामी टाकी पहाटेच भरा" हे सोलरच्या मागच्या भिंतीवर लिहिलं. ग्रुपवर फोटो टाकून भागत नाही, आठ दिवसात ते वर निघून जातात, भाडेकरू बदलला की नवीन माणसाला मिळतही नाहीत. रजिस्टर ठेवा, पण वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात.

आणि बायकांना विचारा. कुठल्या लाइनला पाणी कधी कमी होतं, कुठला पाइप रात्री वाजतो हे आमच्याकडं पाणी भरणाऱ्या बायकांनीच सांगितलं, मीटिंगला मात्र त्यांना कुणी बोलवतच नव्हतं. हे मला आजही फार लागतं.

पावसाच्या पाण्याचं सोपं आहे. मृगाच्या आधी फिल्टरच्या खड्ड्यातली वाळू-खडी काढून धुवायची, पहिले एक-दोन पाऊस बाजूच्या व्हॉल्व्हनं बाहेर सोडायचे, गच्चीवरची घाण आणि कबुतरांची विष्ठा बोअरमध्ये जाऊ द्यायची नाही. २००० स्क्वेअर फुटाची गच्ची असली तर १० मिलिमीटर पावसात जवळपास १८५० लिटर पाणी पडतं, आमच्यासारख्या कमी पावसाच्या भागात हे सोडून कसं चालेल. तारीख आणि कुणी धुतलं ते तिथंच झाकणावर लिहा.

तुमचे मामा अजून येतायत ना, मग या रविवारीच त्यांना चहा पाजून गच्चीवर घेऊन जा, बरोबर खडू आणि एक-दोन पोरं घ्या, मामा दाखवतील तसं लगेच भिंतीवर लिहीत चला, पेंट नंतर मारता येईल.