निकाली निघालेल्या तक्रारी पुन्हा उघडताना

उच्च शिक्षणातल्या तक्रारींच्या चौकशीत बरीच वर्षं गेल्यावर मला एक खोड लागली आहे. तक्रारींची नोंदवही हाती आली की 'मान्य' झालेल्या तक्रारी मी शेवटी वाचते. आधी वाचते ती 'अमान्य', 'मुदतबाह्य' आणि 'तक्रारदाराने प्रतिसाद दिला नाही' असे शेरे पडलेली पानं. का, ते या वेळच्या प्रश्नांच्या ओघात येईलच.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या तक्रार निवारण कक्षात आहे. अनामत रक्कम परत मिळाली नाही म्हणून दर वर्षी तक्रारी येतात, त्या आम्ही एकेक करून सोडवतो. किती तक्रारी झाल्या की दोष व्यवस्थेतला आहे असं म्हणायचं?

असा आकडा नाही. वीस तक्रारींमागे वीस वेगळी कारणं असू शकतात. उलट, ज्याचा फटका हजारो जणांना बसला त्याबद्दल लेखी तक्रार एकच आलेली असते. मी एवढंच विचारते : या विद्यार्थ्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याचंही हेच झालं असतं का?

इंग्लंडमध्ये २०२० साली महासाथीमुळे ए-लेव्हल, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाआधीच्या शालेय परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी दिलेल्या अंदाजी श्रेणी ऑफक्वाल या नियामक संस्थेने एका गणिती सूत्रातून काढल्या आणि सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. अगदी लहान वर्गांना सूत्र लागू न करता शिक्षकांचाच अंदाज कायम ठेवला होता. असे लहान वर्ग खासगी शाळांत अधिक, त्यामुळे त्यांचा फायदा झाला. यात कुणाचीही बेरीज चुकलेली नव्हती. सूत्र ठरल्याप्रमाणेच चाललं होतं, म्हणून एकेकाचं अपील ऐकून काही साधण्यासारखं नव्हतं. १३ ऑगस्टला निकाल लागला आणि १७ ऑगस्टला सूत्रच मागे घ्यावं लागलं.

आता तुमच्या अनामतीकडे. दहा-बारा नस्त्या काढा आणि प्रत्येकीच्या तारखा एका ओळीत मांडा : अर्ज कधी आला, ना-देय दाखला कधी मिळाला, कागद लेखा विभागात कधी पोचला, पैसे कधी जमा झाले. सगळ्यांचे दिवस एकाच टेबलावर साचलेले दिसले तर चौकशी तिथून सुरू करा. आणि 'सोडवतो' या शब्दाने मी जरा बिचकते. ज्याने पाठपुरावा केला त्याचे पैसे निघाले. ज्यांनी नाद सोडला त्यांचं काय? त्यांची नावं लेखा विभागाच्या थकीत यादीत असतात. ती यादी मागवा.

प्रश्न : एका गटातल्या विद्यार्थ्यांचे अर्ज आमच्याकडे जास्त प्रमाणात नाकारले जातात, असं आकडे सांगतात. भेदभाव सिद्ध झाला ना?

शंका घ्यायला पुरेसं आहे, निष्कर्षाला नाही. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे १९७३चे पदव्युत्तर प्रवेश पाहा. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. संख्याशास्त्रज्ञ पीटर बिकेल आणि सहकाऱ्यांनी विभागवार आकडे मांडले, तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध कल दिसलाच नाही. विभागांमधला फरक धरून केलेल्या एकत्रित हिशेबात तो किंचित स्त्रियांच्याच बाजूचा निघाला. जिथे प्रवेश मिळणं मुळातच अवघड, अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

काही जण ही गोष्ट 'बघा, काहीच नव्हतं' म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. प्रश्न मिटला नाही, त्याचा पत्ता बदलला : प्रवेश समितीच्या खोलीतून तो त्याआधीच्या टप्प्यांवर गेला, जिथे कुणी कुठे अर्ज करायचा हे ठरतं. म्हणून आकडे विभाग, वर्ष, अर्जाचा प्रकार अशा फोडी करूनच वाचावेत.

प्रश्न : तक्रारच नसेल तर चौकशी करता येते का?

अधिकार कुठून मिळाले आहेत त्यावर अवलंबून. ऑस्ट्रेलियात १ फेब्रुवारी २०२५पासून काम सुरू केलेल्या राष्ट्रीय विद्यार्थी लोकपालांना स्वतःहून चौकशी हाती घेता येते. आदेशात तशी तरतूद नसेल तर आधी लेखी मंजुरी घ्या. मागाहून सगळा अहवाल याच एका मुद्द्यावर बाद होऊ शकतो.

प्रश्न : ज्यांच्याबरोबर रोज चहा घेतो त्यांचीच चौकशी माझ्या गळ्यात पडली आहे. विभागप्रमुख आत्ताच फुरंगटले आहेत. सुरुवात कशी करू?

'दोषी कोण' हे शब्द कार्यकक्षेत येऊ देऊ नका. 'अर्ज आल्यापासून निर्णय कळेपर्यंत काय काय होतं' एवढंच लिहा आणि कुठल्या वर्षांपुरतं तेही. मग आधी कागद, नंतर माणसं. माणसांतही प्रमुखांकडे शेवटी जा. नियम कसा आहे हे प्रमुख सांगतात; प्रत्यक्षात काय चालतं ते खिडकीवरच्या लिपिकाला ठाऊक असतं. त्याला विचारत बसू नका, म्हणा : माझ्यासमोर एक अर्ज पुढे पाठवून दाखवा.

एका चौकशीत मी असंच शेजारी बसले होते. अपिलं मोठ्या संख्येने मुदतबाह्य ठरत होती आणि सगळ्यांचं मत एकच : मुलं आळशी. लिपिकाने निर्णयाचं पत्र पाठवलं ते विद्यार्थ्याच्या संस्थेतल्या ईमेलवर. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की तो ईमेल बंद होत असे. पत्र पोचायचंच नाही, पण मुदत मात्र पत्राच्या तारखेपासून मोजली जायची. नियमावली निर्दोष, लिपिक निर्दोष, संगणक विभागही आपल्या जागी बरोबर. तो ईमेल बंद झालेला असतो, हे निर्णय पाठवणाऱ्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

अहवालात ज्यांच्यावर ठपका येतो आहे त्यांना तेवढा मसुदा आधी दाखवा, लेखी म्हणणं मांडायला वेळ द्या. तो नैसर्गिक न्याय आहेच, शिवाय तुमच्या चुकाही तिथेच सापडतात. माझ्या सापडल्या आहेत.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे. उत्तरपत्रिका तपासण्याच्या पद्धतीवर चौकशी चालू आहे. तिच्यामुळे माझे गुण बदलतील का?

त्या भरवशावर राहू नका. गुण किती द्यायचे हा शैक्षणिक निर्णय मानला जातो. विद्यार्थ्यांच्या तक्रारी पाहणारं इंग्लंड आणि वेल्सचं स्वतंत्र निवाडा कार्यालयही त्यात हात घालत नाही. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार, निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवल्याशिवाय विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेले लोकपाल फेरतपासणीचा अर्ज ऐकत नाहीत. त्याच विनियमांत विद्यार्थी तक्रार निवारण समितीच्या निर्णयानंतर लोकपालांकडे अपिलासाठी १५ दिवस आहेत. मोठ्या चौकशीसाठी तुमची मुदत थांबत नाही. अर्ज आजच द्या, पोच घ्या.

प्रश्न : आमच्या अहवालातल्या सगळ्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या, पण बदललं काहीच नाही.

सगळ्या स्वीकारल्या म्हणताच मला संशय आला. 'समन्वय वाढवावा', 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं' असली वाक्यं कुणीही आनंदाने स्वीकारतो. शिफारशीत पदनाम हवं, तारीख हवी आणि झालं हे कशावरून कळणार तेही हवं. ईमेलच्या त्या प्रकरणात आम्ही लिहिलं होतं : परीक्षा विभागाच्या उपकुलसचिवांनी अमुक तारखेपर्यंत निर्णय वैयक्तिक ईमेलवर आणि टपालाने पाठवायला सुरुवात करावी, गेल्या तीन वर्षांत मुदतबाह्य ठरलेली अपिलं, कुणी मागणी केलेली असो वा नसो, पुन्हा ऐकावीत.

पहिला भाग आठवड्यात झाला. दुसऱ्यावर मात्र सहा महिने वाद चालला, आणि मी त्या सहा महिन्यांत दर पंधरा दिवसांनी फोन करत होते.