एमा वॉटसनच्या ‘ही फॉर शी’ भाषणाचं सामाजिक चिन्हमीमांसेच्या अंगाने विश्लेषण कसं करायचं?

भाषणाचा सारांश लिहीत बसू नका, बहुतेकांची गाडी तिथेच अडते. सामाजिक चिन्हमीमांसा म्हणजे शब्द, आवाज, कपडे अशा चिन्हांतून समाजात अर्थ कसा घडतो याचा अभ्यास. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडेंच्या मांडणीत खरा प्रश्न असा: इतके पर्याय हाताशी असताना बोलणाऱ्याने हाच का उचलला?

२० सप्टेंबर २०१४, न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय. स्त्री-पुरुष समतेसाठी पुरुषांनीही उभं राहावं, अशी ‘ही फॉर शी’ ही मोहीम. सुरुवात वयांपासून करा. आठव्या वर्षी एमाला ‘बॉसी’ म्हटलं गेलं, कारण नाटकं तिला बसवायची होती. चौदाव्या वर्षी माध्यमांची नजर बदलली, पंधराव्या वर्षी मैत्रिणींनी खेळ सोडले. आणि अठराव्या वर्षी? तिथे अचानक मुलगे येतात, भावना बोलून न दाखवू शकणारे. स्वतःच्या आठवणींच्या रांगेत तिने पुरुषांना अलगद आणून बसवलंय.

मग ती थेट पुरुषांना हाक मारते आणि समतेच्या कामात येण्याचं औपचारिक निमंत्रण देते. हा शब्द सोडू नका. निमंत्रण यजमान देतो, म्हणजे समतेचं घर बायकांचं आणि पुरुष पाहुणे! मोहिमेच्या नावातही ‘तो’ कर्ता, ‘ती’ लाभार्थी. मला ही भाषणातली सगळ्यात कच्ची जागा वाटते.

व्हिडिओ मात्र पाहाच. आवाज कापतो, आणि ‘ही हॅरी पॉटरवाली मुलगी इथे काय करतेय’ हा लोकांच्या मनातला प्रश्न ती स्वतःच विचारते. मागे संयुक्त राष्ट्रांचा अधिकार आणि समोर कापरा आवाज, या दोन्हींचा मेळ कसा बसतो त्यावर निम्मी पानं खर्च करा. कपड्यांना एक परिच्छेद पुरे.