आधी सबमिट कर, मग त्याला वाचायला दे

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण असल्या गोष्टीत घाईनं काही लिहू नये म्हणून आत्ता निवांत लिहितेय. तुमचं दोघांचं जमलंय हे वाचून खूप बरं वाटलं गं, पोरगा गुणी आहे. आता एकाच वेब सिरीजसाठी दोघंही शेवटच्या यादीत, काम मिळणार एकालाच, आणि तू विचारतेस नाव मागं घेऊ का. अजिबात नाही. आज घेतलंस तर पुढं कधीतरी भांडणात ते निघणारच. आणि मुद्दाम पहिला एपिसोड कच्चा लिहिणं तर त्याहून वाईट, त्याला तुझी लेखणी माहितीये, दोन पानांत ओळखेल.

मला काळजी आहे ती तुला सीनमध्ये घ्यायची असलेल्या त्याच्या आजीच्या गोष्टीची. १९३० चा मार्शल लॉ, धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात झालेली फाशी, हे सोलापुरात पोराटोरांना ठाऊक आहे, ते दोघांनीही बिनधास्त वापरा. पण पोलीस आले तेव्हा आजीचे सासरे हातमागाखालच्या पाय ठेवायच्या खड्ड्यात लपले, वर सासूबाईंना पाय हलवायला जागा नाही तरी त्या नुसताच आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडं टाकत बसल्या, हे त्याच्या आजीनं पूर्व भागातल्या घरात त्याला सांगितलंय आणि त्यानं तुला तळ्याकाठी जीव लावून सांगितलंय. कॉपीराइट लिहिलेल्या मांडणीला असतो, नुसत्या गोष्टीला नाही, त्यामुळं कायदा कदाचित तुला अडवणार नाही, पण मला ते पटणार नाही. सीन हवाच असेल तर सरळ त्याला विचार, नाही म्हणाला तर विषय संपला, रुसायचं नाही.

तोपर्यंत एकमेकांचे ड्राफ्ट बघू नका, फोनवर 'एकच सीन ऐक ना' असलंही नको. पाठवायच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं स्क्रिप्ट रजिस्टर कर, त्यालाही सांग, म्हणजे उद्या कुणाचं काय होतं यावरून वाद नको.

काम त्याला मिळालं तर तुला त्रास होईल, होऊ दे, हसून अभिनंदन करायचं नाटक त्याच दिवशी करायची गरज नाही, वाईट वाटतंय म्हणून त्यालाच सांग.

आणि ड्राफ्ट मलाही आत्ता पाठवू नकोस, तो पण माझ्याकडंच शिकलाय. दोघांचं सबमिट झालं की एकत्र घरी या, तेव्हा दोन्ही वाचते.