तळ्याचं हिरवं पाणी ओढ्यात सोडू नका

प्रश्न (मुरबाड तालुका): शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ आहेत. पाणी गडद हिरवं झालंय आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. सगळं पाणी ओढ्यात सोडून तळं नव्याने भरू का?

उत्तर: नको. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तोच ओढून घेतं, त्यामुळे पहाटे मासे गुदमरतात. आज खाद्य आणि शेण दोन्ही बंद ठेवा. पहाटे पंप लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून तळ्यात पडू द्या.

मूळ दुखणं खाद्याचं आहे. कोंडा-पेंड पाटीने फेकली की निम्मी तळाशी कुजते. रोजचं खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के पुरे. ते भोकं पाडलेल्या गोणीत भरून बांबूला बांधा. संध्याकाळी गोणीत उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा, ढगाळ दिवशी देऊच नका. हात कोपरापर्यंत बुडवून पाहा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी फार घट्ट आहे. मग थोडं पाणी काढा, पण ते भेंडीला, भाजीला द्या. त्यात नत्र-स्फुरद असतं, खताचे पैसे वाचतात. ओढ्यात मात्र तेच पाणी खालच्या गावाला त्रास देतं.

चिकनच्या दुकानातली आतडी फुकट मिळतात म्हणून टाकणारे बरेच आहेत. मला ते अजिबात पटत नाही. पाणी नासतं आणि गिऱ्हाईकही बिचकतं. ही आतडी खाऊन वाढणाऱ्या थाई मागूरवर (परदेशी मांसाहारी मासा) तर बंदीच आहे. पावसात तळं भरून वाहिलं की तो ओढ्यात शिरून गावठी मासे फस्त करतो. बाकी मासे सुटू नयेत म्हणूनही सांडव्याला जाळी हवीच.

प्रश्न (खाडीकाठ, ठाणे): खाजणात (खाडीच्या भरतीचं पाणी येणाऱ्या जमिनीत) जिताडा माशाचं तळं आहे. थोडं कांदळवन तोडून ते वाढवावं म्हणतो.

उत्तर: तोडू नका, कायद्याने गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन तोडीवर बंदी घातली, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. शिवाय कोळंबीची पिल्लं त्याच मुळांत वाढतात, भरतीला तुमच्या तळ्यात येतात. जिताडा त्यांच्यावरच पोसतो. आहे त्याच तळ्याचा गाळ उन्हाळ्यात काढून बांधावर टाका, तेवढी खोली वाढेल. खाऱ्या पाण्यातल्या संवर्धनाला २००५ च्या किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण कायद्याखाली नोंदणी लागते. ती झाली नसेल तर सातबारा घेऊन जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा.