जंगलातला दिव्याचा खांब

प्रश्न : काका, सी. एस. लुईसच्या कादंबऱ्यांतल्या नार्निया या जादूच्या देशात भर जंगलात दिव्याचा खांब का? आमचे सर म्हणतात, कादंबरीतली प्रत्येक वस्तू प्रतीकच असते.
– बारावीतली वाचक, खानापूर

उत्तर : प्रत्येक? सरांना माझा नमस्कार सांग, पण मला ते पटत नाही. कोट कधी कधी थंडी वाजते म्हणूनच घालतात! खांबाचं मात्र वेगळं आहे. रात्री जांबोटीच्या रानात, जिथं वीजच पोचली नाही, तिथं दिवा दिसला तर आधी आपलं पाऊल अडखळेल. चार भावंडांतली ल्यूसी कपाटातून पहिल्यांदा नार्नियात शिरते, तेव्हा तिचंही तसंच होतं. १९५० च्या त्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तोच खांब परत येतो. राजे-राण्या झालेल्या चारही भावंडांना आता तो ओळखू येत नाही आणि त्याच्या पुढं जाताच ती पुन्हा मुलं होऊन कपाटातून बाहेर पडतात. म्हणजे तो हद्दीचा खांब. आपण सीमाभागातली माणसं, हद्दीचा दगड आपल्याला आधी दिसतो.

याच मालिकेतल्या १९५५ च्या पुस्तकात कळतं, की लंडनच्या खांबाचा तुटलेला लोखंडी दांडा नार्नियाच्या मातीत पडला आणि त्याचाच हा खांब उगवला. कपाटाचं उलट : नार्नियातल्या सफरचंदाच्या बीपासून इंग्लंडमध्ये वाढलेल्या झाडाचं ते लाकूड. दोन्ही वस्तू परमुलखात रुजलेल्या.

नार्नियातल्या बर्फाचा अर्थ सोपा आहे, तिथं कायमचा हिवाळा लादणाऱ्या चेटकिणीची सत्ता. ती ढळली की बर्फ वितळतो. खांबाकडं मात्र पुन्हा बघ : तो कोणाला दिसतो, आणि नेमका कधी.