हॉलमध्ये बॅडमिंटनचे बूट घसरतात आणि रॅकेट हातात फिरते. दोन्ही नवीनच घ्यावे लागतील का?

बहुतेक वेळा नाही. सोलवर अंगठा फिरवा. करडी धूळ आली तर रबर नुसतं मळलंय. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, मग साबण पूर्ण निघेपर्यंत ओलं फडकं. सावलीत वाळवा, चिकटवलेला सोल कडक उन्हात सुटतो.

तरी घसरतंय? मग वरचा थर कडक, चकचकीत झालाय. १२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, चमक गेली की थांबा. पंजाखालची नक्षीच सपाट झाली असेल तर मात्र बूट बदला, गुडघ्यापेक्षा ते स्वस्त.

रॅकेटचं म्हणाल तर जुन्या घामट ग्रिपवर, म्हणजे मुठीवरच्या पट्टीवर, नवीन चढवू नका, मूठ जाड होते. सगळं काढून मुठीचं लाकूड कोरडं होऊ द्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात एक रात्र लागतेच, नाहीतर आत बुरशी धरते. ओव्हरग्रिप, म्हणजे वरून गुंडाळायची पातळ पट्टी, मुठीच्या खालच्या टोकापासून ताणत, आधीच्या वेढ्यावर २-३ मिलिमीटर चढवत गुंडाळा. ढिली राहिली की दुसऱ्याच गेमला सुरकुत्या पडतात. हाताला फार घाम येत असेल तर टॉवेलसारख्या कापडाची टॉवेल ग्रिप बरी.