क्षमा मिळाली, भरपाईचं काय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कॅथलिक आहे. शेवटचं कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) करून बावीस वर्षं झाली. आता जायचं आहे, पण काय काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, काही सुचत नाही. मधल्या काळात भागीदाराचे पैसेही बुडवले आहेत. फादरांनी ते कुठे सांगितलं तर? — एक वाचक, वसई

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर पोलिसांना, बिशपांना किंवा तुमच्या घरच्यांना सांगू शकत नाहीत. पुढे रस्त्यात भेटल्यावर खुद्द तुमच्याकडेही तुमच्या परवानगीशिवाय तो विषय काढू शकत नाहीत. जाणूनबुजून कुणाचं पाप उघड करणारा धर्मगुरू त्याच क्षणी ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो, आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमकडेच आहे.

आता तयारी. घरी निवांत अर्धा तास बसा आणि दहा आज्ञा एकेक करून डोळ्यांखालून घाला. गंभीर पापं वेगळी काढा. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे करताना माहीत हवं, आणि ती स्वखुशीने केलेली हवी. एक जरी कमी पडली तरी ते महापाप होत नाही. अशी आठवतील तेवढी गंभीर पापं प्रकार आणि अंदाजे संख्या यांसह सांगावी लागतात; कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५५१ साली हे स्पष्ट केलं. ‘मी फार पापी आहे’ एवढं म्हणून भागत नाही. ‘सहा वर्षं रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) बहुतेक चुकवली’ हे चालतं. तारीखवार यादी कुणी मागत नाही. चिडचिड, छोटं खोटं बोलणं अशी हलकी पापं सांगणं चांगलं, पण बंधनकारक नाही.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या शेवटच्या आठवड्यातली रांग तुमच्यासाठी नाही. मागे वीस माणसं ताटकळत असताना बावीस वर्षं कशी उलगडणार? फादरांना आधी सांगून वेगळी वेळ घ्या. ओळखीचे फादर नको वाटत असतील तर दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जा, त्यात काही गैर नाही. आत गेल्यावर क्रुसाची खूण करायची, किती वर्षांनी आलात ते सांगायचं आणि सर्वांत जड वाटतं तेच आधी बोलायचं. मग फादर प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता, ते पापक्षमेचे शब्द उच्चारतात. प्रार्थना पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा.

घोटाळा होतो तो तीन ठिकाणी. काही जण स्वतःपेक्षा नवऱ्याची किंवा सुनेची पापं जास्त सांगतात. काही जण लाजेपोटी एक गंभीर पाप मुद्दाम गिळतात. तसं केलं तर बाकीचंही कन्फेशन ग्राह्य राहत नाही, सगळं पुन्हा करावं लागतं. खरोखर विसरलेलं पाप मात्र इतरांबरोबर माफ होतं, पुढच्या वेळी आठवलं की सांगायचं. तिसरा घोटाळा तुमच्याच पैशांचा. क्षमा मिळाली म्हणून रक्कम तुमची होत नाही. परत करण्याचा पक्का निश्चय हा पश्चात्तापाचाच भाग आहे, तो नसेल तर फादर क्षमेचे शब्द थांबवू शकतात. एकरकमी जमत नसेल तर हप्त्यांनी द्या. भागीदार हयात नसेल तर वारसांना द्या. कुणाचाच पत्ता लागला नाही तर गरिबांना. चर्चच्या पेटीत टाकून सुटका करून घेण्याची पळवाट लोकप्रिय आहे, पण मालक सापडत असेल तर ती भरपाई नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे चित्रगुप्ताची वही असते. ख्रिस्ती धर्मात पापपुण्याचा असा हिशेब आहे का? आणि मरताना ‘प्रभो, क्षमा कर’ म्हटलं की खुनीसुद्धा स्वर्गात, हा कुठला न्याय? — एक वाचक, पुणे

उत्तर : वह्या आहेत. बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात त्या उघडल्या जातात आणि ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे न्याय होतो. मत्तयाच्या २५व्या अध्यायात तर प्रश्नपत्रिकाच आधी फोडली आहे : भुकेल्याला अन्न दिलं का, तुरुंगातल्याला भेटलात का. पण वजाबाकी नाही. दहा सत्कृत्यांनी एक खून फिटत नाही, आणि पुण्याची शिल्लक दाखवून देवाकडे हक्काने स्वर्ग मागता येत नाही.

कॅथलिक शिकवणीत न्याय दोनदा होतो. मृत्यूनंतर लगेच प्रत्येकाचा स्वतंत्र, आणि अखेरच्या दिवशी सगळ्यांसमोर. बारावा बेनेडिक्ट या पोपने १३३६ साली पहिल्या न्यायाविषयीचा गोंधळ मिटवला. मग दुसरा कशाला? मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसने दिलेलं कारण मोठं मार्मिक आहे : माणूस मेला तरी त्याच्या कृत्यांचे परिणाम पुढे चालू राहतात. बापाने लावलेलं वळण मुलांत उतरतं, खोट्या शिकवणीने पिढ्या बिघडतात. पूर्ण हिशेब जगाच्या अखेरीसच लागतो.

खुन्याचं म्हणाल तर, होय, खरा पश्चात्ताप असेल तर. लूकच्या २३व्या अध्यायात वधस्तंभावरच्या अपराध्याला येशूने त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं. मात्र कॅथलिक मतानुसार दोष माफ झाला तरी पापाने झालेली पडझड उरते, ती इथे प्रायश्चित्ताने नाहीतर मृत्यूनंतर शुद्धिस्थानात (स्वर्गाआधी शुद्ध होण्याच्या अवस्थेत) भरून निघते. प्रॉटेस्टंट शुद्धिस्थान मानत नाहीत. आणि ‘आता मजा करू, मरताना माफी मागू’ हा बेत स्वतःच पाप आहे. शिवाय मरताना शुद्धीवर असालच याची हमी कोण देणार?

‘फक्त विश्वासाने तारण’ की ‘विश्वास आणि कृत्यं’, या वादावर प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरनंतर युरोप दुभंगला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लूथरन यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या : देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, आणि तीच कृपा सत्कृत्यांना बळ देते. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत. तरीही काही प्रचारक इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ८वी आणि ९वी ओवी खणखणीत वाचतात आणि १०वीपाशी, म्हणजे सत्कृत्यं जिथे येतात तिथेच, थांबतात. त्यांना पुढची ओवी वाचायला सांगा.

प्रश्न : आम्ही प्रॉटेस्टंट. पाप थेट देवाला सांगतो. मग माणसासमोर कबुलीची प्रथा आमच्यात कधीच नव्हती का? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : होती. लूथरने खासगी कबुली मोडीत काढली नाही, सक्ती काढली. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांपाशी पापं कबूल करा असंच सांगितलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला (तुमच्या शहराजवळच्या नव्हे) पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ सालच्या धार्मिक जागृतीत मुलींनी रडत पापं कबूल केली होती. तुमच्या उपासनेतली सामुदायिक पापकबुली त्याच कुळातली. चुकलेल्या माणसाकडे जाऊन माफी मागणं मात्र कुठल्याही पंथात टळत नाही.

प्रश्न : माझ्या सुनेचं बाळ जन्मल्यावर दोन तासांत गेलं. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला नाही. शेजारीण म्हणते, त्याला स्वर्ग नाही. — एक आजी, नालासोपारा

उत्तर : आजी, शेजारणीचं ऐकू नका. अशा बाळांसाठी स्वर्गाबाहेरची ‘लिंबो’ नावाची जागा कल्पिली गेली होती, पण ती कधीच बंधनकारक शिकवण नव्हती. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहेत असं मांडलं. चर्च त्यांना देवाच्या दयेवर सोपवतं. आईबापांचा संस्काराचा विचार होता, तर बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये अंत्यविधीही होऊ शकतो. फादरांशी बोला. सुनेला यात बोल लावू नका आणि दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका.

इतर वाचकांसाठी : जीव धोक्यात असेल तर नर्स, डॉक्टर, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीही, चर्च ज्या हेतूने देतं त्याच हेतूने, स्नानसंस्कार देऊ शकते. साधं पाणी डोक्यावरून वाहील असं ओतायचं आणि ओतणाऱ्यानेच म्हणायचं : ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने बोलायचं, असं केलं तर तो संस्कार होत नाही.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये कब्रस्तानात गेल्याने मृतांना लाभ होतो म्हणतात. नेमकं काय करायचं? — एक वाचक, मुंबई

उत्तर : १ ते ८ नोव्हेंबरदरम्यान कब्रस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर पूर्ण दंडमाफी (माफ झालेल्या पापाची उरलेली शिक्षा सुटणं, म्हणजे इंडल्जन्स) मिळते, दिवसाला एक, आणि ती फक्त शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना देता येते. सोबत कन्फेशन, कम्युनियन (मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेणं) आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना हवी. एक कन्फेशन अनेक दिवसांसाठी पुरतं, कम्युनियन आणि प्रार्थना मात्र प्रत्येक दंडमाफीसाठी वेगळी. आणखी एक अट लोक विसरतात : कुठल्याही पापाची, अगदी हलक्या पापाचीही, ओढ मनात नको. ती उरली असेल तर माफी पूर्ण नाही, अंशतः मिळते.